सहा आर्किटेक्ट आणि पाण्याचा दिवस

माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी बढती मला पाण्यामुळे मिळाली. हुशारीमुळे मिळाली असं मी पुण्याच्या मैत्रिणींना सांगत असे, पण आमच्या ऑफिसातल्या दहाही जणांना खरं काय ते ठाऊक होतं. माझ्या घरी ज्या दिवशी नळ यायचा, त्या दिवशी ज्याच्या घरी पाणी येत नाही असा माणूस मला जोडीला मिळाला आणि मी सोल्यूशन आर्किटेक्ट झाले.

हे जरा मागून सांगायला हवं. आठ वर्षं मी पुण्यात एका मोठ्या कंपनीत प्रोग्रॅम लिहीत होते. आई गेली आणि गारखेड्यातल्या घरात बाबा एकटे राहिले. "तू मुळीच येऊ नकोस, मी ठणठणीत आहे," असं ते फोनवर सांगत, आणि त्याच फोनमध्ये चौथ्या दिवशीही खिचडीच केली हेही सांगत. मी तीन महिन्यांत बाडबिस्तरा उचलला. जालना रोडच्या आतल्या गल्लीत, टायरच्या दुकानावर, एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी मिळाली. ऑफिसात एसी एकच होता आणि तो सर्व्हरला होता. एप्रिल-मे महिन्यात आम्हा सगळ्यांना सर्व्हरच्या खोलीत फार महत्त्वाची कामं निघत.

ती लागोपाठ दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडी तळाला गेलेलं, आणि शहर मात्र चहूबाजूंनी वाढत सुटलेलं. बीड बायपासच्या पलीकडे रोज एक नवी इमारत, इमारतीवर 'चोवीस तास पाणी' अशी पाटी, आणि पाटीखाली उभा टँकर. आमच्या कॉलनीत सहाव्या दिवशी नळ येई. सहाव्या दिवशी म्हणजे सहाव्याच दिवशी असंही नाही. कुठे मोठी लाइन फुटली की अख्ख्या शहराचं पंचांग एक दिवस पुढे सरकायचं आणि मग सोमवारचे लोक मंगळवारी बादल्या घेऊन उभे राहायचे.

ऑफिसात फोनवर "पाणी आलं" एवढे दोन शब्द आले की माणूस उठायचा. रजेचा अर्ज नाही, परवानगी नाही, समोरच्या कॉम्प्युटरवर काय चाललंय ते बंद करायचंही भान नाही. कोणाच्या नात्यात मयत झाली तर आमचे मालक "जवळचे होते का?" एवढं तरी विचारत, पाण्याला काहीच विचारत नसत. त्यांच्या स्वतःच्या घरी पाचव्या दिवशी यायचं.

एकदा पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. औषधांच्या दुकानांची त्यांची साखळी होती आणि कोणत्या दुकानात कोणतं औषध किती शिल्लक आहे ते सांगणारं सॉफ्टवेअर आम्ही त्यांना करून देत होतो. दुपारी बाराला सगळ्या दुकानांत सगळी औषधं शून्य दिसायला लागली. हा भाग ज्या दोघांना येत होता ते दोघंही पालिकेच्या एकाच टाकीवरच्या कॉलनीतले, आणि त्या वेळी आपापल्या हौदात पाइप धरून बसलेले. मालकांनी पुण्याला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण फोन ठेवल्यावर ते सरळ भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डाकडे गेले. बोर्डावर कामांच्या तारखा होत्या. त्यांनी त्या पुसल्या आणि प्रत्येकाला आपल्या घरी पाणी कधी येतं ते लिहायला लावलं.

तिथून 'पाणीजोड' सुरू झाली. शब्द आमचाच. प्रत्येक कामाला दोन माणसं, आणि दोघांचं पाणी एका दिवशी येता कामा नये. एकाच्या पाण्याच्या दिवशी त्याचं काम दुसऱ्यानं बघायचं, म्हणून दुसऱ्यानं ते आधी शिकून घ्यायचं. लग्नाच्या पत्रिका जुळवाव्यात तशा आम्ही जोड्या जुळवल्या, काहींना तर दोन-दोन. दोघं एकाच टाकीवरचे निघाले तर 'एकनाड आहे' म्हणून स्थळ बाद. माझी जोड लागली ती फुलंब्रीहून रोज मोटारसायकलवर येणाऱ्या एका मुलखाच्या शांत गृहस्थाशी. घरची शेती, डोक्याला पांढरं उपरणं गुंडाळून यायचा आणि ते सोडून सर्व्हरच्या तारांत डोकं घालायचा. त्याच्या वस्तीवर टँकर यायचा, तो माझ्या दिवशी कधी यायचा नाही.

फक्त एका माणसाला जोड लागली नाही. तो छावणीत, म्हणजे लष्कराच्या कँटोन्मेंट भागात, राहायचा. त्याच्या घरामागे विहीर होती आणि ती काही केल्या आटत नव्हती. त्यामुळे तो कधी उठून जायचा नाही. आम्ही घामाघूम होऊन पाणी भरून परत येत असू तेव्हा तो खुर्चीत मागे रेलून म्हणायचा, "कायकू इतना टेन्शन लेते तुम लोग? मैं हूँ ना." आंघोळ करून, केसांना तेल लावून यायचा तो. मला त्याचा फार राग यायचा, आणि तो राग निव्वळ पाण्याचा होता हे आज कबूल करायला हरकत नाही.

पुढच्या तीन वर्षांचं काम देण्याआधी पुण्याच्या कंपनीनं एक कागद पाठवला. तुमच्याकडे पुढील भूमिकांसाठी नेमलेली माणसं हवीत, असं म्हणून खाली यादी. मालकांनी ती मोठ्यानं वाचली. एंटरप्राइज आर्किटेक्ट, सोल्यूशन आर्किटेक्ट, टेक्निकल आर्किटेक्ट, डेटा आर्किटेक्ट, इन्फ्रास्ट्रक्चर आर्किटेक्ट, सिक्युरिटी आर्किटेक्ट.

"आपण किती जण?" त्यांनी विचारलं.

"दहा," मी म्हटलं. "चहावाले मामा धरून."

"सर," फुलंब्रीवाला म्हणाला, "ह्ये सहा जण येगयेगळं काय करत्यात?"

"तेच तर बघायचंय," मालक म्हणाले आणि आम्ही सगळे नेटवर वाचायला बसलो. तोवर आमच्याकडे एकच पद होतं, 'जो मोकळा असेल तो'. वाचता वाचता कळलं की एंटरप्राइज आर्किटेक्टनं अख्ख्या कंपनीची पुढची पाच वर्षं बघायची असतात आणि बाकीच्यांनी पुढचा शुक्रवार.

वाटप लग्नातल्या मानपानासारखं झालं. टेस्टिंग करणारी मुलगी स्वतःच्या डब्यालाही कुलूप लावायची, तिला सिक्युरिटी. कोणी कोणाच्या मुंजीत काय आहेर केला होता हे वीस वर्षांनी सांगू शकणाऱ्या एका सहकाऱ्याला डेटा. सगळ्यात जास्त भांडायचा त्याला टेक्निकल. फुलंब्रीवाल्याला सर्व्हरमुळे इन्फ्रास्ट्रक्चर. तो म्हणाला, "माझ्या बापाला ह्ये कसं सांगू? लई मोठ्ठं नाव हाय." सोल्यूशन आर्किटेक्टला सगळ्यांचं थोडं थोडं कळावं लागतं, फुलंब्रीवाल्याचं काम मला जोडीमुळे येत होतं आणि बाकीच्यांच्या कामात नाक खुपसायची मला मूळचीच सवय, म्हणून ते मला. उरलं एंटरप्राइज. मालक म्हणाले, "हा माणूस कायम हजर पाहिजे." सगळ्यांनी छावणीवाल्याकडे बघितलं. चौथ्या दिवशी त्यानं पाचशे व्हिजिटिंग कार्डं छापून आणली आणि पहिलं मलाच दिलं.

वाटप झालं त्या संध्याकाळी जेवताना बाबांना मी ही यादी सांगितली. बाबा चितेगावच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. मशीनचा कुठलाही पार्ट मोडला की त्याचा दुसरा त्यांच्या फळीवर असायचाच. 'ज्याला स्पेअर नाही त्याच्यावर भरवसा नाही,' हे त्यांचं आयुष्यभराचं वाक्य. निवृत्तीनंतर हा सगळा बाणा त्यांनी घरात आणला. पलंगाखालच्या पत्र्याच्या डब्यात नळाच्या तोट्या, वायसर, बल्ब, आणि वरची टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारा एक नवाकोरा बॉलकॉक होता. टाकीतला जुना बॉलकॉक दोन वर्षांपूर्वीच मोडलेला. "मग नवा बसवू या की," मी म्हणायची. "अगं, तो स्पेअर आहे," बाबा म्हणायचे. "तो वापरला तर स्पेअर काय राहील?" या तर्कशास्त्रापुढे मी हात टेकले होते.

"मग हे सहा आर्किटेक्ट करतात काय?" बाबांनी विचारलं.

"असं बघा, शहराला पाणी धरणातून आणायचं की आणखी कुठून, आणि पुढं वस्ती वाढली तर काय, हे ठरवणारा तो एंटरप्राइज."

"तो नालायक आहे," बाबा म्हणाले. "पुढं."

"आपल्या एका घराला पाणी कसं पुरेल ते बघणारी मी, सोल्यूशन. मोटर कुठली, पाइप किती इंची, ते टेक्निकल. हौद आणि टाकी जागेवर ठेवणारा इन्फ्रास्ट्रक्चर. पिण्याचं कुठल्या भांड्यात आणि सांडायचं, म्हणजे वापरायचं, कुठल्या, हे ज्याला पाठ तो डेटा."

"आणि टाकीच्या झाकणाला कुलूप लावतो तो सिक्युरिटी."

"बरोबर."

"हे सगळं तुझी आई एकटी करायची," बाबा म्हणाले आणि ताटात पाणी न घालता बोटं चाटून हात पुसले.

कागदाच्या शेवटी एक ओळ होती, ती मी त्यांना वाचून दाखवली नाही. पुण्याहून एक तपासनीस येऊन सहाही जणांना भेटणार होते. ते समाधानी झाले नाहीत तर काम पुण्यातच होईल. मालकांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "हे काम गेलं तर मी इथलं शटर ओढतो. चार जणांना पुण्यात लावून देईन, त्यात तू पहिली." त्यांना वाटलं मला आनंद होईल. माझी रात्रीची झोप उडाली. बाबा पुण्याला येणार नव्हते. आईची तुळस, त्यांचा डबा आणि कॉलनीतला बाक सोडून ते कुठेच जाणार नव्हते. आणि मी त्यांना परत खिचडीवर टाकून जाणार नव्हते.

त्यात तीन महिन्यांपूर्वी त्यांना टाकीच्या शिडीवर चक्कर आली होती. आमचा हौद लहान. नळ चालू असतानाच मोटर लावून पाणी वर चढवायचं, म्हणजे हौदात जागा होते. वर जिन्याच्या खोलीवर दोन टाक्या, एक आमची आणि एक वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू काकूंची. काकू शाळेत शिकवायच्या, दुपारपर्यंत घरी नसायच्या. बॉलकॉक मोडलेला, त्यामुळे पहिली टाकी भरली की शिडी चढून पाइप हातानं उचलून दुसरीत टाकावा लागे. उशीर झाला की पाणी गच्चीवरून गल्लीत, आणि दुष्काळात गल्लीत पाणी सांडणं म्हणजे कॉलनीत तोंड दाखवायला जागा नाही. डॉक्टरांनी शिडी बंद सांगितली होती. बाबांनी मान डोलावली होती. बाबांनी मान डोलावली म्हणजे ऐकलं असं मी मानत नव्हते.

तपासणीचा दिवस मालकांनी बोर्डासमोर उभं राहून ठरवला. ज्या दिवशी दहा जणांपैकी एकाच्याही घरी पाणी नाही असा महिन्याभरात एकच दिवस निघाला, गुरुवार. "तरीसुद्धा," मालक म्हणाले, "समजा आलंच पाणी, तरी कोणी उठायचं नाही. घर वाहून गेलं तरी नाही." दुष्काळात घर वाहून जाण्याची भीती नव्हती, म्हणून सगळ्यांनी हो म्हटलं. सोमवारी मोठी लाइन फुटली. शहराचं पंचांग सरकलं. किती सरकलं ते लाइनमनलाही ठाऊक नव्हतं.

गुरुवारी तपासनीस आले. पन्नाशीचे, किडकिडीत, प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणणारे. मूळचे कोकणातले. पोहे झाले, चहा झाला. त्यांच्या कागदावर सहा चौकोन होते आणि चौकोनापुढे आमची नावं. मालकांनी घसा खाकरला, "तर आमचे सहाही आर्किटेक्ट आज दिवसभर आपल्यासाठी..." आणि त्यांचाच फोन वाजला. समोरून वहिनींचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला.

मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "एका मिनिटात आलो," म्हणाले आणि गेले ते दीड तासानं परतले, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या आणि पँट गुडघ्यापर्यंत ओली.

तपासनीसांनी काळजीनं विचारलं, "काही वाईट बातमी?"

"नाही, चांगली आहे," मी म्हटलं. तेवढ्यात डेटावाल्याचा फोन वाजला.

पुढच्या तासात एकामागून एक असे चार आर्किटेक्ट नाहीसे झाले. बांध फुटावा तसं झालं. पण गंमत अशी की तपासनीसांचा एकही प्रश्न अडला नाही. डेटाचे प्रश्न सिक्युरिटीवाल्या मुलीनं सोडवले, कारण ती त्याची पाणीजोड होती. ती गेल्यावर कुलूप-किल्ल्यांचे प्रश्न टेक्निकलवाल्यानं, तेही न भांडता. तो गेला तेव्हा फुलंब्रीवाला म्हणाला, "सर, त्याचं मी सांगतो की. लई सोपं हाय त्ये." सांगितलं त्यानं, आणि नीट सांगितलं. प्रत्येक वेळी तपासनीस कागदावर नावापुढे दुसरं नाव लिहीत आणि "बरं" म्हणत. त्या "बरं"चा सूर हळूहळू बदलत होता, पण कुठल्या बाजूला ते मला कळेना. मग फुलंब्रीवाल्याचाही फोन आला, वस्तीवर टँकर दोन दिवस आधी पोचला होता. उपरणं डोक्याला गुंडाळत तो म्हणाला, "ताई, आता तुमीच."

राहिलो मी आणि छावणीवाला. त्याचा तर हा दिवसच होता. पुढच्या पाच वर्षांवर तो चाळीस मिनिटं बोलला. खरं सांगते, छान बोलला. माणूस हुशार होता. शेवटी तपासनीसांनी विचारलं, "आणि तुम्ही नसलात तर हे कोण बघतं?"

छावणीवाल्याला प्रश्नच कळला नाही. "मैं कहाँ जाने वाला हूँ, साहब?"

त्याच वेळी माझा फोन वाजला. बाबा. "पाणी आलंय. प्रेशर चांगलं आहे. तू तुझं काम कर, मी बघतो."

"बघतो म्हणजे?"

"बघतो म्हणजे बघतो," म्हणाले आणि फोन ठेवला. परत लावला तर उचलेनात. काकू शाळेत. माझी पाणीजोड फुलंब्रीच्या रस्त्याला. माझा चौकोन अजून कोरा होता, आणि या चौकोनावर माझं या शहरात राहणं ठरणार होतं, आणि मी ज्यांच्यासाठी राहणार होते ते मात्र त्या क्षणी शिडीकडे निघाले असणार. मला संताप आला. बाबांचा, नळाचा, पुण्याचा, सगळ्यांचा.

"साहेब," मी म्हटलं, "माझ्या घरी पाणी आलंय. मी गेले नाही तर माझे वडील शिडी चढतील, आणि त्यांना चक्कर येते. तुमची माझी तपासणी राहिलीय. एक तर मला नापास करा, नाही तर माझ्या गाडीवर मागं बसा."

तपासनीस उठले. "बरं," म्हणाले आणि फाइल छातीशी धरून मागे बसले. खड्ड्याखड्ड्याला त्यांच्या तोंडून बारीकसा आवाज निघत होता, पण तक्रार केली नाही.

आम्ही गच्चीवर पोचलो तेव्हा बाबांचा एक पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर होता. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. बाबा शांतपणे खाली उतरले आणि म्हणाले, "मी नुसता शिडी पक्की आहे का ते बघत होतो." मग पाहुण्यांकडे वळून, "या, बसा. पाणी घेणार?"

इस्त्रीच्या पंजाबी ड्रेसमध्ये मी शिडी चढले. तपासनीसांनी फाइल बगलेत धरून खालून शिडी पकडली आणि मान वर करून विचारलं, "आता विचारू का?"

"विचारा."

"एकच औषध दोन दुकानांनी एकाच वेळी विकलं आणि शिल्लक एकच असेल तर?"

"ज्याची नोंद आधी पोचली त्याला द्यायचं," मी पाइप धरून म्हटलं, "दुसऱ्याला लगेच 'संपलं' असं सांगायचं, आणि शेजारच्या कुठल्या दुकानात आहे तेही."

"आणि दुकानाचं नेट बंद असेल तर?"

"तर दुकानानं आपल्यापाशी लिहून ठेवायचं, नेट आलं की..."

"भरली! भरली!" आवाजावरून ओळखून बाबा खालून ओरडले. "उत्तर मागाहून दे, पाइप बदल!"

अशी माझी तपासणी झाली. दुसरी टाकी भरेपर्यंत अकरा प्रश्न झाले. खाली आल्यावर बाबांनी चहा केला. तपासनीसांनी तांब्यातलं अर्धं भांडं पाणी पिऊन उरलेलं मोरीत ओतायला हात नेला, तसं बाबांनी झटकन त्यांचं मनगट धरलं. "तिकडं नको. तुळशीला." कोकणातला माणूस तो, ओशाळला आणि भांडं घेऊन निमूट तुळशीपाशी गेला.

जाता जाता त्यांनी मला त्या बोर्डाबद्दल विचारलं. मी पाणीजोड समजावली, एकनाडीसकट. ते हसले, बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले. मग म्हणाले, "पुण्यात आमच्याकडे एंटरप्राइज आर्किटेक्टची जागा आहे. इथलं काम तुम्हाला मिळो न मिळो, तुम्ही याल का?"

"नाही," मी म्हटलं. फार पटकन म्हटलं. बाबा दारात हात पुसत उभे होते.

आठ दिवसांनी अहवाल आला. आम्ही पास झालो होतो. प्रत्येक भूमिकेला तितकीच तयारी असलेला दुसरा माणूस आहे आणि आमच्या मोठ्या कार्यालयातही असं आढळत नाही, अशी स्तुती होती. शेरा एकच होता. एंटरप्राइज आर्किटेक्टच्या जागी उभा राहील असा कोणीही नाही. हा धोका महिन्याभरात दूर करावा.

छावणीवाल्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "दो साल में एक छुट्टी नहीं ली मैंने, और मैं ही धोका?" मला वाईट वाटलं, आणि थोडंसं बरंही वाटलं. मालकांनी त्याला सक्तीनं तीन दिवस रजेवर पाठवलं आणि त्याचं काम शिकायला मला बसवलं. तीनही दिवस तो ऑफिससमोरच्या टपरीवर चहा पीत बसला होता.

अहवाल मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. आता पुण्याची ओळही सांगितली, शटरचीही, कारण आता भीती उरली नव्हती. "म्हणजे आता मला कुठं जायला नको," मी म्हटलं. मला वाटलं, ते खूश होतील.

त्यांनी शेऱ्यापाशी बोट ठेवलं. "म्हणजे जो कधी जागा सोडत नाही, तो धोका?"

"तसंच म्हटलंय त्यांनी."

"बरं," बाबा म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

पुढच्या पाण्याच्या दिवशी फोन आला नाही. सहावा दिवस होता, अकरा वाजून गेले, आमच्याच टाकीवरच्या बाकीच्यांना घरून फोन आले, मला नाही. मी गाडी काढली आणि काय काय डोळ्यांसमोर आणत घर गाठलं ते सांगत नाही. दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेले. बाबा खुर्चीवर बसून शेंगा सोलत होते. वरच्या मजल्यावरच्या काकू शिडी चढून टाकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी पाण्याच्या दिवसापुरता शाळेतला एक तास बदलून घेतला होता. मोटरच्या पाइपला जरा उंचावर फाटा फोडून दुसऱ्या टाकीकडे नवा पाइप गेला होता. मी शिडी चढून डोकावले, पहिल्या टाकीचं झाकण उघडं होतं आणि आत नवाकोरा बॉलकॉक पाण्यावर तरंगत होता. पहिली टाकी भरली तशी आपोआप बंद झाली आणि पाणी दुसरीत पडायला लागलं. कोणी काहीच केलं नाही. मी खाली उतरले.

"तुला फोन करायची गरजच नव्हती," बाबा म्हणाले. "मोटर कधी बंद करायची ते काकूंना येतं. प्लंबर आला शेवटी." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती पुण्याची जागा अजून असेल तर बघ. माझ्यासाठी तू इथं अडकू नकोस."

मला इतकं लागलं ते वाक्य. नापास झाले असते तरी एवढं लागलं नसतं. ज्या माणसानं दोन वर्षं तो बॉलकॉक डब्यातून काढू दिला नव्हता, त्यानं तो मला मोकळं करायला काढला होता. मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला.

"डब्यात आता काय आहे?" मी विचारलं.

"काय असणार? तोट्या."

"बॉलकॉकला स्पेअर?"

बाबांनी पुढची शेंग उचलली.

"ज्याला स्पेअर नाही त्याच्यावर भरवसा नाही, असं कोण म्हणतं?" मी डोळे पुसत म्हटलं. "हा बॉलकॉक काम करील. काकू काम करतील. मी स्पेअर. वापरायची नाही, पण घरात ठेवायची."

काकू उगाचच टाकीत वाकून बघायला लागल्या. बाबांनी हातातली शेंग सोलली. मग सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "बरं. आलीच आहेस तर झाकणाला कुलूप लाव."